मुली मिळत नाहीत, की मुलींपर्यंत कुणी येत नाही?

(चंद्रपूर येथे महिला संघटनांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलींच्या नोकरीविषयी बोलायला सांगितलं आहे. आपल्या बैठकीत तेंदूपत्त्याची मजुरी, दारू, वनहक्क हे विषय नेहमी असतात. त्यात इंजिनियर मुलींचं काय, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. मलाही आधी तसंच वाटायचं. पण गेली आठ वर्षं मी इथल्या एका मुलींच्या वसतिगृहात समुपदेशनाचं काम करते आहे. तिथल्या बऱ्याच मुली याच तेंदूपत्ता तोडणाऱ्या, रोवणीला जाणाऱ्या बायांच्या लेकी आहेत.

त्यातल्या एकीची हकीकत सांगते. गडचिरोली जिल्ह्यातली मुलगी, मेकॅनिकल शाखेची, शेवटच्या वर्षाला. एका कारखान्याची निवड होती. लेखी परीक्षेत ती पहिल्या पाचांत आली. मुलाखतीत मुलांना बेअरिंगबद्दल, पंपाबद्दल विचारलं. हिला विचारलं, 'लग्न कधी करणार? रात्रपाळी झेपेल? घरचे सोडतील?' ती म्हणाली, 'सर, मला पण पंपाबद्दल विचारा ना.' तिची निवड झाली नाही. पुढे एका कार्यक्रमात त्याच कारखान्याचे अधिकारी मला भेटले. मी विषय काढला तर म्हणाले, 'मॅडम, आम्ही घ्यायला तयार आहोत हो, पण मुली मिळतच नाहीत.'

मी त्या दिवसापासून या वाक्याच्या मागे लागले आहे.

आपल्या भागात उद्योगांची कमतरता नाही. चंद्रपूरला वीज केंद्र आहे, वेकोलिच्या कोळसा खाणी आहेत, राजुरा-कोरपना भागात सिमेंट कारखाने आहेत, बल्लारपूरला कागद कारखाना, भद्रावतीला आयुध निर्माणी. गडचिरोलीत सुरजागडला लोहखनिजाची खाण आणि कोनसरीला कारखाना आहे. शिक्षणाचीही सोय आहे. चंद्रपूरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून आहे, खाजगी महाविद्यालयं आहेत, गडचिरोली आणि ब्रह्मपुरीला शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क शासनाने माफ केलं आहे. म्हणजे मुली शिकताहेत. मग त्या गळतात कुठे?

त्या निवडीच्या पद्धतीत गळतात. कंपनी शेवटच्या वर्षी एक दिवस येते. पुष्कळदा तीही इथे येत नाही, मुलांनाच नागपूरला बोलावते. रात्री निरोप येतो, सकाळी नऊला हजर राहा. दीडशे किलोमीटर. मुलगा मित्राच्या मोटरसायकलवर किंवा रात्रीच्या गाडीने निघतो. मुलीला वसतिगृहातून रात्री निघायला परवानगी लागते, घरी फोन लागत नाही, सोबत कोण हा प्रश्न असतो. सकाळी नऊच्या हजेरीत तिचं नाव नसतं. ती नापास झाली नाही, पण यादीतून गेली. कंपनी म्हणते, मुली आल्याच नाहीत.

दुसरं कारण कायदा सांगितला जायचा. १९५२ च्या खाण कायद्यानुसार बायांना जमिनीखाली कामाला बंदी होती आणि वरच्या कामावर रात्री बंदी होती. बायांच्या काळजीपोटी, असं सांगतात. पण दुसऱ्या महायुद्धात कोळसा हवा होता तेव्हा १९४३ साली जमिनीखालची बंदी उठवली होती आणि युद्ध संपल्यावर १९४६ साली परत घातली. म्हणजे गरज मालकाची असली की बाई चालते. २०१९ साली केंद्र सरकारने ही अट सैल केली. लेखी संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था असेल तर उघड्या खाणीत रात्री, आणि जमिनीखाली तांत्रिक व देखरेखीच्या कामावर दिवसा बायांना घेता येऊ लागलं. २०२१ साली झारखंडमध्ये कोल इंडियाच्या भूमिगत खाणीत पहिली महिला मायनिंग इंजिनियर रुजू झाली. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेतही संमती घेऊन, सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर ठेवून रात्रीचं काम खुलं आहे. या संहितांमधलं इतर बरंच काही आपल्याला मान्य नाही, त्यावर आपण वेगळं बोलूच. पण 'कायदा आडवा येतो' हे कारण आता उरलेलं नाही.

तिसरं कारण, 'मुलींना हे काम जमत नाही.' हे जुनं आहे. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. कंपनीला त्यांना मुलाखतीला बोलवावं लागलं, नोकरी द्यावी लागली. पण प्रत्येक मुलीने पोस्टकार्ड लिहून दार उघडायचं का? दार मालकाकडूनही उघडता येतं. १९९१ साली महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने पुण्यात मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं तेव्हा कमिन्स कंपनी सोबत उभी राहिली. पुढे नागपूरजवळही तसंच महाविद्यालय झालं. उद्योगाने ठरवलं तर शिक्षणापासूनच मुलींसोबत चालता येतं, याचं हे आपल्या राज्यातलं उदाहरण आहे.

आपल्या इथल्या कंपन्या काय करतात? सामाजिक दायित्व निधीतून शिलाई मशिनी वाटतात. शिलाई मशिनीला माझा विरोध नाही. पण ज्या गावाची जमीन घेतली तिथल्या बाईला मशीन, तिच्या मुलाला ठेकेदाराकडे काम आणि इंजिनियर बाहेरचा, ही वाटणी आपण का मान्य करायची?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्यातल्या कितीतरी जणींचा खाणींनाच विरोध आहे. मी तो मोडायला उभी नाही. जंगल जातं, पाणी बिघडतं, हे मीही पाहते. पण खाण थांबवायची की नाही ही लढाई चालू असताना, जे कारखाने उभे आहेत त्यांत आमच्या मुलींना यंत्रावरची जागा नको, असं आपण म्हणू शकत नाही. आणि प्रदूषण मोजणारी, सुरक्षेचा अहवाल लिहिणारी आतली माणसं आपल्या गावातली असली तर ते आपल्याला हवंच आहे.

म्हणून मालकांपुढे आणि महाविद्यालयांपुढे आपल्या मागण्या अशा असाव्यात, असं मला वाटतं.

पहिली, कंपनीने दुसऱ्या वर्षापासून महाविद्यालयात यावं. मुलींना कारखाना दाखवावा, सुट्टीतलं प्रशिक्षण द्यावं, तेही विद्यावेतन देऊन. फुकट प्रशिक्षण ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांनाच परवडतं.

दुसरी, शिकाऊ उमेदवारांच्या जागांवर पदवी आणि पदविका दोन्हीच्या स्थानिक मुलींना घ्यावं. १९६१ च्या कायद्याखाली ही सोय आहेच. सोबत राहायची जागा, बस आणि कामाच्या ठिकाणी संडास हवा. मुली कामावर टिकत नाहीत म्हणतात, तिथे पुष्कळदा संडासच नसतो.

तिसरी, निवड चंद्रपूर-गडचिरोलीतच व्हावी, आठ दिवस आधी कळवावी, मुलाखतीत एक तरी बाई असावी. लग्नाचा प्रश्न विचारू नये. भरतीत बाई म्हणून भेद करायला १९७६ पासून कायद्याने मनाई आहे, नव्या वेतन संहितेतही ती आहे.

चौथी, लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती कागदावर नको. २०१३ च्या कायद्यात शिकाऊ मुलीही येतात, हे मुलींना पहिल्याच दिवशी सांगावं.

आणि आपलं काम? सार्वजनिक कंपन्यांना माहितीच्या अधिकारात विचारा, किती अभियंते घेतले, त्यांत मुली किती, या दोन जिल्ह्यांतल्या किती. आकडा हातात आला की बोलता येतं. दुसरं काम घरांत आहे. एक आई मला म्हणाली, 'नोकरी करू दे ना, पन रातच्याले एकटी कशी येईन पोरगी?' तिला मी मागासलेली म्हणणार नाही. तिचा प्रश्न बसचा आहे, आणि त्याचं उत्तर कंपनीने द्यायचं आहे. आपण अशा आयांना सोबत घेऊन कारखान्याच्या फाटकापर्यंत जावं आणि हा प्रश्न तिथे विचारावा.

ती मेकॅनिकलची मुलगी सध्या पुण्यात एका कारखान्यात आहे. पंपच दुरुस्त करते. दिवाळीला गावी येते तेव्हा भेटते. मागच्या वेळी म्हणाली, 'ताई, इथंच मिळालं असतं तर आईजवळ राहिले असते.'

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या तालुक्यातल्या दोन-तीन तरी अशा मुलींची नावं लिहून आणा. 'मुली मिळत नाहीत' म्हणणाऱ्यांच्या टेबलावर आपण ती यादी ठेवू.