मैदानाची वहिवाट



ज्या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण आणि तत्त्वज्ञान यांचा परामर्श घेण्याचा प्रघात आहे, त्या व्यासपीठावर क्रिकेटच्या मैदानांविषयी बोलण्याची अनुज्ञा व्याख्यानमालेच्या चालकांनी दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. या खेळाने आपल्याकडील तीनचार पिढ्यांच्या दुपारी व्यापल्या, बापलेकांना एका रेडिओपाशी बसविले आणि परस्परांची नावेही ठाऊक नसलेल्या माणसांना एका बाकावर तासन्‌तास जिव्हाळ्याने बोलते केले, त्यामुळे हा विषय हलका मानण्याचे कारण मला दिसत नाही. मी खेळाडू नाही, पंच नाही, कोणत्याही मंडळाचा पदाधिकारीही नाही. मी प्रेक्षक आहे, आणि प्रेक्षकाच्या अधिकारानेच बोलणार आहे.

क्रिकेटच्या नियमांकडे बारकाईने पाहणाऱ्याच्या एक गोष्ट ध्यानात येते. खेळपट्टीची लांबी बावीस यार्ड, यष्टींची उंची, चेंडूचे वजन, बॅटची रुंदी यांविषयी नियम काटेकोर आहेत. परंतु मैदानाचा आकार कसा असावा, त्याला उतार असावा की नसावा, माती काळी असावी की तांबडी, वारा समुद्रावरून यावा की डोंगरावरून, याविषयी त्यांनी जवळजवळ मौनच पत्करले आहे. टेनिसचे वा हॉकीचे क्रीडांगण कोठेही गेले तरी मापाने तेच राहते. क्रिकेटमध्ये मात्र निसर्गाला प्रवेशाची सनद प्रारंभीच बहाल केलेली आहे, आणि म्हणून या खेळाच्या रसिकाला मैदानांचीही गोडी लागल्याशिवाय राहत नाही.

लंडनच्या लॉर्ड्‌सचेच पाहा. टॉमस लॉर्ड नावाच्या गृहस्थाने १७८७ पासून दोनदा जागा बदलून १८१४ साली तिसऱ्या जागी आपले मैदान मांडले, ते आजतागायत तेथेच आहे. आणि ज्या मैदानाला क्रिकेटचे माहेरघर म्हणण्याचा परिपाठ आहे, ते सपाट नाही, त्याच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत सुमारे आठ फुटांचा उतार आहे. पॅव्हेलियनच्या बाजूने टाकलेला चेंडू त्या उतारामुळे उजव्या हाताच्या फलंदाजाच्या आत शिरतो आणि समोरच्या टोकाकडून टाकलेला बाहेर सरकतो. पाहुण्या फलंदाजाला ते उमगेपर्यंत पुष्कळदा तंबूचा रस्ता धरावा लागतो. भारताने आपला पहिला कसोटी सामना १९३२ साली सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली येथेच खेळला आणि अवघ्या १९ धावांत इंग्लंडचे तीन मोहरे बाद झाले, त्यांतले दोन महंमद निसारांनी टिपले. १९५२ मध्ये विनू मंकडांनी याच उतारावर ७२ आणि १८४ धावा केल्या आणि त्यांच्या दरम्यान एका डावात ७३ षटके टाकून पाच बळी घेतले. पुढे आपल्या मुंबईच्या दिलीप वेंगसरकरांनी १९७९, १९८२ आणि १९८६ अशा लागोपाठ तीन दौऱ्यांत तेथे शतके झळकविली. १९८३ च्या जूनमधील विश्वचषक-विजयाची ती संध्याकाळ तर सर्वांच्या स्मरणात आहे. तिच्यावर मी वेळ घालवीत नाही.

वेळ घालवायचा आहे तो मुंबईवर. कारण परदेशी उतारावर आणि परदेशी वाऱ्यात टिकणारी फलंदाजी जेथे घडली, ती जागा प्रसिद्ध स्टेडियममध्ये नव्हती; ती तिकीट नसलेल्या, भिंत नसलेल्या मैदानांत होती, आणि ही मैदाने आपल्याला सुखासुखी मिळालेली नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या किल्ल्याबाहेरील एस्प्लनेडवर पारशी, हिंदू आणि मुसलमान तरुण क्रिकेट खेळू लागले. त्यांत पारशी आघाडीवर होते. त्यांचा ओरिएंटल क्लब १८४८ चा. १८७५ मध्ये त्याच परिसरात युरोपियनांची बॉम्बे जिमखाना ही संस्था उभी राहिली, आणि तिचे सभासद आपली राखीव जागा सोडून एतद्देशीयांच्या क्रिकेटच्या जागेवर पोलो खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडूचा टप्पा कसा पडेल, याची कल्पना ज्याने आयुष्यात एकदाही बॅट हाती धरली आहे त्याला सहज येईल. १८८१ साली साडेचारशेहून अधिक हिंदू, पारशी आणि मुसलमान क्रिकेटपटूंनी सह्या करून सरकारकडे अर्ज गुदरला. काही काळ दाद लागली, मग निकाल फिरला, पुन्हा अर्ज, पुन्हा हुकूम, असे ते प्रकरण दफ्तरांतून वर्षानुवर्षे फिरत राहिले. शापूरजी सोराबजी यांनी त्याची साद्यंत हकीकत १८९७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. काँग्रेसच्या स्थापनेपूर्वी चार वर्षे तीन धर्मांच्या तरुणांनी एका कागदावर सह्या केल्या, त्या खेळण्याच्या जागेसाठी केल्या; आपल्या सार्वजनिक जीवनाच्या इतिहासात या अर्जाला मानाचे पान मिळावयास हवे, असे माझे ठाम मत आहे. पुढे बॅकबेच्या किनाऱ्यालगत पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना सरकारने जागा दिल्या. जागा मिळाली खरी, पण त्या वाटपाने खेळाची विभागणी जातिधर्मांवर पक्की झाली, हे दुःखही त्याच निकालाच्या पोटी जन्मले.

आणि मैदान सर्वांचे झाले तरी पॅव्हेलियन सर्वांचे झाले नव्हते. पळवणकर बाळू या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील थोर गोलंदाजाची सुरुवात पुण्याच्या क्लबात मैदानाची निगा राखणारा नोकर म्हणून झाली. तेथील युरोपियनांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांचा डावखुरा हात तयार झाला. हिंदू संघाला त्यांच्या गोलंदाजीची गरज होती, म्हणून मैदानावर त्यांचा स्पर्श झालेला चेंडू सर्वांना चालत असे; चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर निराळ्या मातीच्या पेल्यात चहा मिळे. त्याच बाळूंनी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर युरोपियनांचा पाडाव करण्यात मोठा वाटा उचलला आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी मिळविले. याच बॉम्बे जिमखान्यावर १९२६ साली सी. के. नायडूंनी एम.सी.सी.विरुद्ध अकरा षटकारांसह १५३ धावा केल्या आणि १९३३ च्या डिसेंबरमध्ये भारतातील पहिल्या कसोटी सामन्यात लाला अमरनाथांनी ११८ धावांची खेळी केली. ज्या संस्थेचे दार एरवी हिंदी माणसाला बंद होते, तिच्याच हिरवळीवर हे सारे घडावे, यात मला नियतीचा न्याय दिसतो.

समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर १९३७ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले आणि मुंबईच्या रसिकाला हक्काचे दालन मिळाले. १९४३ च्या पंचरंगी, म्हणजे धर्मवार पाच संघांच्या, स्पर्धेतील अंतिम सामना हा त्या वास्तूचा मुकुटमणी होय. हिंदू संघाकडून विजय मर्चंटांनी नाबाद २५० धावा करून संघाचा डाव ५ बाद ५८१ वर सोडला. समोर ‘रेस्ट’चा, म्हणजे उरलेल्या धर्मीयांचा संघ, त्यात सांगलीचे, धर्माने ख्रिस्ती असलेले विजय हजारे. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. फॉलोऑननंतर ५ बाद ६० अशी केविलवाणी स्थिती झाली असताना हजाऱ्यांचे बंधू विवेक मैदानात उतरले. त्यानंतर तीनशे धावांची भागी झाली, आणि तीत विवेक यांचा वाटा अवघा एकवीस धावांचा होता. ही एकवीस धावांची खेळी मला क्रिकेटमधील अत्यंत उदात्त गोष्टींपैकी एक वाटते: एका टोकाला थोरला भाऊ धावांची रास रचतो आहे आणि दुसऱ्या टोकाला धाकटा, पुढचा पाय टाकून, मान खाली घालून, चेंडूमागून चेंडू नुसता जमिनीवर मारतो आहे. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या. सामना हिंदूंनी एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला. लोकांच्या मनात मात्र हजाऱ्यांचा पराभवच घर करून राहिला.

पुण्याच्या क्लब मैदानाचे नाव न घेता पुढे जाणे अप्रशस्त होईल. तेथे १९४८ च्या डिसेंबरात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी होत्या, आणि प्रतिपक्षाने सामना तेथेच सोडून दिला. निंबाळकरांना एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही.

आता मी पुन्हा त्या मोकळ्या मैदानाकडे वळतो. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या आहेत. एका सामन्याचा सीमारेषेवरील क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टिरक्षकाला पाठ लावून उभा असतो, उंच उडालेला चेंडू आपल्या सामन्यातला की शेजारच्या, हे क्षणार्धात ओळखावे लागते, आणि मधून चाकरमानी डबा सांभाळीत आपली पायवाट धरतो. या गर्दीतच १९८८ साली शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन शाळकरी मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागी रचली. पावसाळ्यात तर येथील शिक्षण विशेष कठोर. डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ १९४८ मध्ये सुरू झालेल्या कांगा लीगमध्ये खेळपट्टी उघडी आणि ओली, गवत पोटरीला लागणारे; जमिनीलगत मारलेला सुरेख ड्राइव्ह दहा पावलांवर चिखलात रुतून बसतो, म्हणून उचलून मारण्याचे धाडस करावे लागते; आणि टप्प्यावरून एक चेंडू छातीवर येतो तर पुढचा घोट्याशी लोळतो, म्हणून चेंडू अखेरपर्यंत पाहून, हात सैल ठेवून, डोळ्यांखाली खेळण्याची सवय लागते. मुंबईच्या फलंदाजाची जी खडूस चिकाटी म्हणून ख्याती आहे, तिचे मूळ या चिखलात आहे.

१९७१ च्या मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर, उत्तरेकडील डोंगरांच्या सान्निध्यात, भारताने वेस्ट इंडीजवर पहिला विजय मिळविला, तेव्हा कर्णधार अजित वाडेकर होते, मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई ११२ धावा करून गेले होते आणि पहिलाच सामना खेळणाऱ्या सुनील गावसकरांनी ६५ आणि नाबाद ६७ धावा केल्या होत्या. तिघेही मुंबईच्या मैदानांत तयार झालेले. माझ्या पिढीने अशी मैदाने आधी कानांनी पाहिली, बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकाने मराठीतून क्षेत्ररचना सांगावी आणि आम्ही घरबसल्या वाऱ्याची दिशासुद्धा ताडावी, असा तो काळ होता.

श्रोतेहो, स्टेडियमला मालक असतो, पहारेकरी असतो, विमा असतो. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क यांना आहे ती केवळ वहिवाट. आणि वहिवाट वापरली नाही तर ती बुडते, हे वकिलाला विचारण्याची गरज नाही. कधी वाहनतळासाठी, कधी मंडपासाठी, कधी एखाद्या बांधकामासाठी मैदानाचा तुकडा मागितला जातो, तेव्हा सरकारदरबारी हरकती मागविल्या जातात आणि मुदत निघून जाते. तुमच्या गावातील मैदानाविषयी अशी नोटीस निघाली तर १८८१ च्या त्या अर्जावर सह्या करणाऱ्यांचे स्मरण ठेवून आपली हरकत लेखी नोंदवा, शेजाऱ्याचीही सही घ्या. आणि येत्या पावसाळ्यात एखादा रविवार काढून, छत्री घेऊन, कांगा लीगचा एक सामना उभ्याने का होईना, पाहून या. प्रवेश सर्वांना खुला आहे.