नोंदवहीत नाव हवे

गोवंडीच्या एका शाळेतील संगणकांची देखभाल काही वर्षे माझ्याकडे होती. सगळे संगणक लिनक्सवर चालत. एकदा फीच्या हिशेबासाठी विकतचे सॉफ्टवेअर आले. विक्रेत्याच्या माणसाने रूटचा पासवर्ड मागितला, सीडीवरची स्क्रिप्ट चालवली आणि दहा मिनिटांत तो गेला. हिशेब सुरू झाला, पण छपाई बंद पडली!

दोन दिवसांनी कारण सापडले. छपाईला लागणारी एक सामाईक फाइल काढून स्क्रिप्टने तिथे आपली जुनी फाइल ठेवली होती. मूळ फाइल परत बसवली, तर हिशेब थांबला. विक्रेता म्हणाला, "अपडेटच करू नका." म्हणजे मुलांची नावे-पत्ते असलेल्या संगणकातील सुरक्षेची भोके उघडीच ठेवायची!

सोसायटीत एखाद्याने कुणाला न विचारता सामाईक पाण्याची लाइन फोडावी, तसाच हा प्रकार. लिनक्समध्ये यासाठी एक कारभारी असतो: पॅकेज मॅनेजर. डेबियन आणि उबुंटूत एपीटी व डीपीकेजी, तर रेड हॅटच्या कुळात आरपीएम. कोणती फाइल कोणत्या पॅकेजची, कोणाला कोणाची गरज आहे, ही नोंद तो ठेवतो. म्हणूनच अपडेट करणे किंवा काढून टाकणे सुरळीत होते. स्क्रिप्टने परस्पर टाकलेल्या फाइलींची त्याला खबरच नसते.

विकाऊ सॉफ्टवेअरलाही हा रस्ता खुला आहे. गूगल क्रोमचेच पाहा. ते लिनक्ससाठी पॅकेज देते, आपल्या फाइली 'ऑप्ट' या वेगळ्या फोल्डरात ठेवते आणि पुढची अपडेट स्वतःच्या भांडारातून पुरवते. अर्थात, पॅकेज म्हणजे प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे. बसवताना त्यालाही पूर्ण अधिकार मिळतात. विश्वास विक्रेत्यावर ठेवावा लागतोच, पण निदान हिशेब राहतो.

म्हणून पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा. पॅकेज देता का? अपडेट सही केलेल्या भांडारातून येतील का? उद्या काढायचे ठरले, तर मागे काही न ठेवता निघेल का? ज्यांना हे मुळातून शिकायचे आहे, त्यांच्यासाठी पवईच्या आयआयटीत सुरू झालेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत.

आम्ही ते सॉफ्टवेअर शेवटी एका वेगळ्या संगणकावर हलवले. शाळेला एक संगणक जास्तीचा घ्यावा लागला. हे तीन प्रश्न मी आधी विचारले असते, तर तो खर्च वाचला असता.