जागतिक मालवाहतूक कंपनीचा वार्षिक अहवाल कसा वाचावा
(वाहतूक व गोदी क्षेत्रातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘जागतिक मालवाहतूक कंपन्यांची वाढ’ असा विषय छापला आहे. एवढा मोठा विषय एका तासात मांडायचा तर काहीतरी एकच धरून बसावे लागते. म्हणून आम्ही एकच कंपनी घेतली आहे, डेन्मार्कची ए. पी. मोलर-मर्स्क. सात टोकांच्या पांढऱ्या ताऱ्याची तिची खूण तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. न्हावा-शेवाच्या आणि पिपावावच्या धक्क्यावर, महामार्गावर ट्रेलरच्या पाठीवर, तुघलकाबादकडे किंवा नागपूरकडे जाणाऱ्या मालगाडीवर. १९०४ मध्ये बापलेकांनी एका जुन्या आगबोटीवर हा धंदा सुरू केला. आज तिच्या कामगार-कर्मचाऱ्यांची संख्या एक लाखाच्या आसपास आहे.

आपल्यापैकी काहीजण म्हणतील, डेन्मार्कच्या कंपनीचा ताळेबंद आम्हाला कशाला? उत्तर सोपे आहे. करारासाठी वाटाघाटीला बसलो की समोरचे व्यवस्थापन आकडे टाकते आणि आपण घोषणा टाकतो. आकड्याला आकड्याने उत्तर देता आले पाहिजे. मर्स्कचा अहवाल सर्वांना उपलब्ध असतो, सविस्तर असतो, आणि गेल्या काही वर्षांत त्यात जे चढउतार झाले त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आधी ठोकळ आकडे घेऊ. अब्ज म्हणजे शंभर कोटी, हे ध्यानात ठेवा. २०२० साली कंपनीचे उत्पन्न सुमारे ४० अब्ज डॉलर होते आणि व्याज व कर जाण्यापूर्वीचा नफा ४.२ अब्ज. २०२१ मध्ये उत्पन्न ६१.८ अब्ज आणि असा नफा १९.७ अब्ज. २०२२ मध्ये उत्पन्न ८१.५ अब्ज आणि नफा ३०.९ अब्ज. त्या वर्षीच्या दराने हा नफा सव्वादोन लाख कोटी रुपयांच्या वर जातो. कंपनीच्या शंभराहून अधिक वर्षांच्या आयुष्यात असा नफा कधी झाला नव्हता. २०१६ साली हीच कंपनी १.९ अब्ज डॉलर तोट्यात होती, हेही विसरू नका. आणि लगेच पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, उत्पन्न ५१.१ अब्जांवर आले आणि नफा ३.९ अब्जांवर. एका वर्षात नफ्याचे सात हिस्से गेले, एक उरला.

आता प्रश्न असा की २०२२ मध्ये असे काय घडले? जास्त माल वाहिला का? नाही. त्या वर्षी कंपनीने वाहिलेल्या कंटेनरांची संख्या आधीच्या वर्षापेक्षा सुमारे नऊ टक्क्यांनी कमी होती. वाढले ते भाडे. चाळीस फुटी कंटेनरमागे २०२० साली सरासरी सुमारे २,००० डॉलर भाडे मिळत होते, ते २०२२ साली ४,६०० च्या वर गेले. करोनाच्या साथीत बंदरे तुंबली, जहाजे आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस बाहेर नांगर टाकून उभी राहिली, मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले. माल तोच, पेटी तीच, पण जागा मिळेना म्हणून भाव चढला. म्हणजे काम कमी झाले आणि नफा दीडपट झाला. ‘उत्पादकता वाढवा, मग पगाराचे बोलू’ हे वाक्य ज्यांनी ज्यांनी वाटाघाटीत ऐकले आहे त्यांनी ही दोन वर्षे वहीत लिहून ठेवावीत.

हा काळ खलाशांनी कसा काढला ते तुम्हाला ठाऊक आहे. साथीच्या ऐन भरात जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते, कारण कोणतेच बंदर त्यांना उतरू देईना. त्यात आपल्या कोकणचे होते, केरळचे होते, गोव्याचे होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्स्कने आपल्या सुमारे ८० हजार कर्मचाऱ्यांना प्रत्येकी एक हजार डॉलर बक्षिसी जाहीर केली. चांगले झाले, आम्ही तिला नावे ठेवत नाही. पण गुणाकार करा. आठ कोटी डॉलर. त्या वर्षीचा नफा १९.७ अब्ज. शंभर रुपयांतले चाळीस पैसे.

मग बाकीचा पैसा गेला कुठे? अहवालात हे वेगळ्या पानावर असते आणि नेमके तेच पान आपण उलटून टाकतो. २०२२ सालासाठी कंपनीने दर भागामागे ४,३०० क्रोनर लाभांश दिला. सगळा मिळून सुमारे ११ अब्ज डॉलर, एका वर्षाचा. याशिवाय स्वतःचेच भाग बाजारातून परत विकत घेण्याचा १२ अब्ज डॉलरांचा कार्यक्रम २०२२ पासून चालू होता. भाग कमी झाले की उरलेल्या भागांची किंमत चढते; मेहनत कोणाचीच वाढत नाही. काही पैसा कंपन्या विकत घेण्यात गेला. आशियातील गोदामांचे मोठे जाळे असलेली एल. एफ. लॉजिस्टिक्स ही कंपनी २०२२ मध्ये ३.६ अब्जांना घेतली. हा खर्च मात्र आम्ही समजू शकतो.

आणि कर? इथे एक गंमत आहे. डेन्मार्कमध्ये, युरोपातील इतर अनेक देशांप्रमाणे, जहाज कंपनी नफ्यावर कर भरत नाही; जहाजांच्या टनाच्या हिशेबाने ठरावीक कर भरते. मंदीत ही सोय, तेजीत ही चंगळ. २०२२ मध्ये मर्स्कने भरलेला कर नफ्याच्या तीन टक्क्यांच्या आसपास होता.  आपल्या देशानेही २००४ मध्ये असा टनभार कर स्वीकारला, तेव्हा हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

आता २०२३ कडे वळू. भाडे पुन्हा २,३०० डॉलरांच्या आसपास आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले की एक लाख दहा हजारांवरून कर्मचारीसंख्या एक लाखाच्या खाली आणणार. साडेसहा हजार माणसे तोवर गेलीच होती, आणखी साडेतीन हजार जाणार होती. यातून पुढच्या वर्षी ६० कोटी डॉलर वाचतील, असा हिशेब दिला. आता त्याच वर्षाच्या पूर्वार्धात भागधारकांच्या हाती पडलेले ११ अब्ज शेजारी लिहा. दहा हजार माणसांना घरी बसवून वर्षाला जे वाचणार होते, त्याच्या अठरा पट रक्कम एका लाभांशात गेली होती.

कंपनीचे म्हणणे असे की तेजीत माणसे भरली, तेजी ओसरली, आता तेवढी लागत नाहीत. हे खोटे नाही. नवी जहाजे पाण्यात उतरत होती, मागणी मंद होती, भाडे पडत होते. आम्ही एवढेच म्हणतो की चढत्या वर्षाचा नफा एका खिशात आणि पडत्या वर्षाचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर, ही वाटणी बाजाराने ठरवलेली नसते. ती संचालक मंडळाच्या टेबलावर ठरते, आणि त्या टेबलावर कामगार किती बसले आहेत यावर ठरते.

यापुढचा भाग आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने पुढच्या वर्षाचा अंदाज सांगितला : नफा शून्य ते उणे पाच अब्ज डॉलर. म्हणजे बरे झाले तर फायदा नाही, वाईट झाले तर पाच अब्जांचा तोटा. भागांची पुनर्खरेदी सुद्धा थांबवली. प्रत्यक्षात २०२४ संपले तेव्हा उत्पन्न ५५.५ अब्ज आणि नफा साडेसहा अब्ज! आम्ही असे म्हणत नाही की कंपनी खोटे बोलली. तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले होते. ३० डिसेंबर २०२३ ला तिच्या ‘मर्स्क हांगझो’ या जहाजावरच हल्ला झाला. जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. वाट लांबली, तीच खेप न्यायला जास्त जहाजे लागू लागली, रिकामी पडलेली क्षमता त्यात खपली, आणि भाडे पुन्हा चढले. हे वर्षभर टिकेल असे कंपनीला तेव्हा वाटले नव्हते. अंदाज हा शेवटी अंदाजच. पण समजा त्या फेब्रुवारीत तुम्ही करारासाठी बसला असता आणि समोरच्याने तो कागद पुढे सरकवला असता, तर? तुम्ही तीन वर्षांसाठी पगार गोठवून सही केली असती. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुनर्खरेदी पुन्हा सुरू झाली, बारा महिन्यांत दोन अब्ज डॉलरांपर्यंत. म्हणून एका वर्षाच्या अंदाजावर लांब मुदतीची सही करू नये. केलीच तर परिस्थिती बदलल्यास फेरविचाराचे कलम त्यात असावे.

तांबड्या समुद्रातल्या त्या वर्षाचा दुसरा हिशेब कोणत्याच कंपनीच्या ताळेबंदात मिळणार नाही. ‘गॅलक्सी लीडर’ जहाजाचे २५ खलाशी नोव्हेंबर २०२३ पासून जानेवारी २०२५ पर्यंत ओलीस होते. मार्च २०२४ मध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर तिघे मारले गेले, उरलेल्यांना आपल्या नौदलाच्या ‘कोलकाता’ने वाचवले. ही जहाजे मर्स्कची नव्हेत, पण पाणी तेच होते.

आता अहवालाचे आतले पान. कंपनी आपला धंदा तीन भागांत मांडते : समुद्री वाहतूक, बंदरांतील टर्मिनले, आणि जमिनीवरची वाहतूक-गोदामे. २०१६ पासून तिचे धोरण असे की तेल, टँकर वगैरे विकून टाकायचे आणि कारखान्याच्या दारापासून दुकानाच्या दारापर्यंत माल आपणच न्यायचा. तेलाचा धंदा २०१७ मध्ये फ्रान्सच्या तोताल कंपनीला विकायचे ठरले. जहाजांच्या संख्येची शर्यतही तिने सोडली. जानेवारी २०२२ मध्ये एम. एस. सी. पहिल्या क्रमांकावर गेली, तिने जाऊ दिली. वाढ कुठे, तर जमिनीवर. पण २०२४ मध्ये या जमिनीवरच्या धंद्यातून सुमारे १५ अब्जांचे उत्पन्न आले आणि नफा शंभरामागे साडेतीनच्या आसपास. उलट टर्मिनलांत साडेचार अब्जांच्या उत्पन्नावर १.३ अब्ज नफा.

या दोन आकड्यांत आपल्या संघटनेचे सगळे गणित आहे. गोदाम आणि ट्रक यांत स्पर्धा जीवघेणी, एक ठेकेदार नाही म्हणाला तर दहा उभे. म्हणून नफा थोडा आणि तो माणसाच्या मजुरीतून पिळून काढायचा मोह मोठा. धक्का मात्र एकच असतो. तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही. जिथे कंपनीची कमाई पक्की, तिथे कामगाराचा हात मजबूत, फक्त त्याला ते माहीत हवे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांना ते माहीत होते. जून २०२४ मध्ये त्यांच्या संघटनेने मालकांशी बोलणी थांबवली, कारण अलाबामातील मोबील बंदरात मर्स्कच्या टर्मिनलवर माणसाशिवाय ट्रक आत घेणारे स्वयंचलित फाटक चालू असल्याचे आढळले. कराराबाहेरची गोष्ट, असे संघटनेचे म्हणणे. १ ऑक्टोबरला मेनपासून टेक्सासपर्यंतची बंदरे बंद झाली. तीन दिवसांत सहा वर्षांसाठी ६२ टक्के वाढीवर तडजोड झाली, आणि यंत्रांचा प्रश्न जानेवारी २०२५ मध्ये मिटला. एवढी टक्केवारी आपल्याकडे कोणी मागू लागला तर त्याला वेड्यात काढतील. आम्हीही कदाचित काढू.

यंत्रांवरून आठवले. २७ जून २०१७ ला एका संगणक-विषाणूने मर्स्कचे जगभरचे काम बंद पाडले. न्हावा-शेवातले तिचे टर्मिनलही ठप्प झाले. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनीच जाहीरपणे सांगितले की दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे केले, आणि तोवर जवळजवळ ऐंशी टक्के माल माणसांनी हातांनी, कागदावर लिहून हलवला. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. टॅली क्लार्कची गरज संपली म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

आता आपल्या दारात येऊ. न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. पहिले खाजगी टर्मिनल १९९९ मध्ये, आणि मर्स्कचे २००६ मध्ये. त्यात २६ टक्के वाटा सरकारी कंटेनर महामंडळाचा आहे. २०२२ मध्ये बंदराने स्वतः चालवलेले शेवटचे टर्मिनलही खाजगी हातांत गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये संपाच्या आदल्या दिवशी प्रमुख बंदरांच्या कामगारांचा करार झाला, साडेआठ टक्के वाढीचा. तो लागू झाला सुमारे २० हजार कामगारांना. खाजगी टर्मिनलांतला कामगार त्यात नाही, ट्रेलरचा चालक नाही, कंटेनर डेपोतला लॅशिंगवाला नाही. पुणे, मुंबई, चेन्नई येथे मर्स्कची सेवा केंद्रे आहेत. जगभरच्या मालाची कागदपत्रे तिथली तरुण मुले-मुली रात्रपाळीत करतात. अशा केंद्रांत संघटना सहसा पोहोचलेलीच नसते, आणि तो दोष आमचा धरा.

भाडे आकाशाला भिडले होते त्या वर्षी आम्ही उरण रस्त्यावर एका ट्रेलरचालकाला विचारले, तुझ्या खेपेचा दर किती वाढला? तो म्हणाला, “साहेब, डिझेल वाढलं, रांग वाढली. दर मालकाला विचारा.” मालकाला विचारले, त्याने ठेकेदाराकडे बोट केले. ठेकेदार भेटला नाही.

उद्या सकाळच्या सत्रात प्रत्येक गटाने आपापल्या कंपनीचा अहवाल घेऊन बसायचे आहे. चार रकाने आखा : काम किती केले, दर काय मिळाला, माणसांवर किती खर्च केला, भागधारकांना किती दिले. पाच वर्षांचे भरा. ज्यांची कंपनी भागबाजारात नाही त्यांनी आमच्याकडे यावे, कंपनी निबंधकाकडून कागद कसे काढायचे ते सांगू. आता चहा होऊ द्या, मग तुमचे प्रश्न घेतो.