वाकळ, बैठक आणि हिशेब
(व्याख्यानाचा मजकूर)



गडचिरोली जिल्ह्यात सती नदीच्या काठी वसलेले कुरखेडा हे तालुक्याचे गाव धानाची शेती आणि भोवतालचे जंगल या दोहोंच्या आधाराने जगत आले आहे. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या पुढे-मागे कापणी, त्यानंतर मळणी असा येथील कामाचा क्रम आहे. धान घरात आले, थंडी पडू लागली आणि दुपारी हाताला थोडी उसंत मिळू लागली, की सारवलेल्या अंगणात एक जुने लुगडे अंथरले जाते. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले जातात. सासू बसते, सून बसते, शेजारीण आपली सुई घेऊनच येते. वाकळ शिवावयास आरंभ होतो.

या बैठकीला अध्यक्ष नसतो, वर्गणी नसते, इतिवृत्ताची वही नसते. शासनाच्या कोणत्याही नोंदपुस्तकात तिचा उल्लेख सापडावयाचा नाही. तथापि नियमित भेट, कामाची वाटणी, शिकणे-शिकविणे आणि परस्पर साहाय्य ही जी मंडळाची लक्षणे आपण कागदावर लिहितो, ती सर्व तेथे आढळतात. पाश्चात्य देशांत अशा स्त्रियांची रीतसर मंडळे असतात, त्यांची प्रदर्शने भरतात. आपल्याकडे मंडळ आहे, पाटी नाही, इतकाच भेद. ही पाटी लावण्याचा उत्साह जेव्हा एखादा विस्तार अधिकारी किंवा ग्रामसेवक दाखवितो, तेव्हा त्याने प्रथम ते काम कसे चालते हे पाहणे आवश्यक आहे.

वाकळ म्हणा, गोधडी म्हणा, किंवा छत्तीसगडकडील लोक म्हणतात त्याप्रमाणे कथरी म्हणा, वस्तू एकच. जुनी सुती लुगडी, धोतरे, उपरणी धुऊन वाळवून एकावर एक थर लावावयाचे. विरलेले कापड मध्ये, त्यातल्या त्यात धड असलेले वर आणि खाली. सुरकुती हाताने मध्यातून कडेकडे सारीत न्यावयाची, थर सरकू नयेत म्हणून लांब टाक्यांनी कच्चे जोडून घ्यावयाचे, आणि मग कडेपासून आत आत येत धावदोऱ्याच्या ओळी घालीत जावयाचे. सुती कापडाचे येथे विशेष महत्त्व आहे. ते घाम शोषते, ऊब धरते, आणि धुण्यागणिक मऊ होते. कृत्रिम धाग्याच्या साड्या घरोघर आल्या तेव्हापासून ही घडी बिघडली आहे. ते कापड गुळगुळीत असल्यामुळे थर एकमेकांवरून घसरतात, आणि एवढे कष्ट करून हाती येते ते घाम न टिपणारे पांघरूण. बाजारातील स्वस्त ब्लँकेट आणि घरातील सुती लुगड्यांची टंचाई या दोन्ही गोष्टींनी मिळून वाकळीला मागे सारले आहे. केवळ नव्या पिढीच्या आळसाला दोष देणे योग्य नव्हे.

चार स्त्रिया एका वाकळीभोवती बसतात तेव्हा एक अडचण हटकून उभी राहते. एकीचा टाका आवळ असतो, दुसरीचा सैल. आवळ टाक्याच्या बाजूला कापड गोळा होते, सैल बाजूला पोकळ फुगा राहतो. वडीलधारी स्त्री मग काही न बोलता दोघींच्या जागा बदलून देते, किंवा “हळू ओढ, माय” एवढेच म्हणते. सहकारी संस्थेच्या प्रशिक्षणात जे तासभर सांगितले जाते, त्यातील पुष्कळसे या एका वाक्यात येऊन जाते.

बैठकीतील बोलणे हा निराळाच विषय आहे. कोणाच्या घरी बाळंतपण जवळ आले, कोणाची मुलगी शाळेतून काढली, कोणाचा नवरा पिऊन पडतो, उसने धान कोणाला हवे आहे, हे सारे सुई चालू असताना निघते. डोळे कापडावर असल्यामुळे अवघड गोष्टही सांगता येते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि तिच्यामागील चळवळीत गावोगावच्या स्त्रियांचा वाटा मोठा होता, हे सर्वश्रुत आहे. ज्या स्त्रिया सभेत उभ्या राहून बोलल्या, त्या त्यापूर्वी कोठेतरी बसून बोलल्याच असणार. स्वतः कुरखेडा येथे ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही १९८४ साली स्थापन झालेली संस्था कार्यरत आहे. डॉ. सतीश गोगुलवार आणि श्रीमती शुभदा देशमुख यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेने आरोग्याचे काम करता करता स्त्रियांचे बचत गट बांधण्यालाही महत्त्व दिले. म्हणजे एकत्र बसण्याची सवय या भूमीत नवी नाही. तिचा उपयोग कशासाठी करून घ्यावयाचा, एवढाच प्रश्न आहे.

शासनाच्या बाजूनेही प्रयत्न झाले आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, स्थापन झाले. ग्रामीण भागातील स्त्रिया व बालके यांच्या विकासाचा कार्यक्रम १९८२-८३ पासून, स्वर्णजयंती ग्रामस्वरोजगार योजना १९९९ पासून आणि त्यानंतर राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान २०११ पासून अमलात आले. राज्यात ते ‘उमेद’ या नावाने परिचित आहे. या सर्व योजनांच्या काळात ‘महिलांना उद्योग’ म्हटले की हातात शिलाई यंत्र देण्याची एक सवय शासकीय यंत्रणेला जडली. यंत्राचा उपयोग नाही असे नव्हे. परंतु पाच-सहा थरांच्या वाकळीपुढे घरगुती यंत्राची सुई मोडते, आणि दुसरे असे की यंत्रावर स्त्री एकटी बसते, बहुधा भिंतीकडे तोंड करून. अंगणातली बैठक मोडून आपण तिला उद्योग दिला, असे काही ठिकाणी घडले आहे.

आता हिशेबाकडे वळू. वाकळ विकावयाची ठरली, तर तिची किंमत कशी काढावी? पुष्कळ ठिकाणी दोऱ्याची रिळे मोजतात, कापड जुनेच म्हणून फुकट धरतात, आणि शे-दोनशे रुपये ‘मेहनतीचे’ म्हणून वर घालतात. हा हिशेब चुकीचा आहे आणि तो का चुकीचा आहे हे शाळेतील पाचवी-सहावीच्या मुलांनाही पाटीवर मांडता येईल. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी वाकळ घ्या. टाक्यांच्या दोन ओळींत अर्ध्या इंचाचे अंतर ठेवले, तर सर्व ओळी मिळून ५७६ फूट, म्हणजे सुमारे १७५ मीटर लांबीचा धावदोरा होतो. एका इंचात तीन टाके धरले तर टाक्यांची संख्या २०,७३६ भरते. जाड थरांतून मिनिटाला दहा टाके, हा काही मंद वेग नव्हे. त्या वेगाने साडेचौतीस तास लागतात. आठ तासांचा दिवस धरला तर चार दिवस पूर्ण होऊन पाचव्या दिवसाचा काही भाग खर्ची पडतो. कापड धुणे, फाडणे, थर लावणे हे त्यात धरलेलेच नाही.

ग्रामीण रोजगार हमीच्या मजुरीचा महाराष्ट्रासाठी २०२५-२६ या वर्षाकरिता जाहीर झालेला दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने केवळ टाक्यांची मजुरी साडेतेराशे रुपयांच्या घरात जाते. हीच वाकळ समजा पाचशे रुपयांस दिली, तर शिवणारणीच्या पदरात दिवसाला सुमारे ११६ रुपये पडतात, तेही दोरा तिने स्वतःच्या पैशाने आणलेला असताना. मातीकामाला जी मजुरी देणे राज्याने १९७७ च्या कायद्याने आपले कर्तव्य मानले, त्याच राज्यातील प्रदर्शनात सुईच्या कामाला तिच्या निम्म्याहूनही कमी मोल मिळावे, आणि त्याला ‘महिला सक्षमीकरण’ म्हणावे, ही विसंगती आहे. महालक्ष्मी सरससारख्या विक्री-प्रदर्शनांना गट पाठविताना पंचायत समितीने प्रत्येक वस्तूसोबत कामाच्या तासांची चिठ्ठी मागितली, तर पुष्कळ गोष्टी उजेडात येतील.

हाच हिशेब बैठकीचे रहस्यही सांगतो. दुपारी तीन तासांची सवड मिळणाऱ्या एकट्या स्त्रीला ही वाकळ पुरी करावयास जवळजवळ बारा दुपारी लागतात. चौघी बसल्या तर तीन दुपारी पुरतात. आज एकीची, पुढच्या आठवड्यात दुसरीची, अशी ही सावड आहे. रोवणीला जी रीत, तीच येथे.

अशा कामाची रीतसर संस्था झाली म्हणजे काय होते, याची उदाहरणे दूरची आहेत पण उपयुक्त आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ या भागांत सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. कोकणी-मराठीशी नाते सांगणारी बोली त्यांच्या घरांत बोलली जाते. त्यांच्या स्त्रिया ‘कवंद’ नावाची गोधडी शिवतात. तिच्या चारही कोपऱ्यांवर कापडी ‘फुले’ नसतील, तर ती गोधडी उघडी राहिली असे त्या मानतात. अमेरिकेतील कलेतिहासाचे प्राध्यापक हेन्री ड्रेवल यांच्या साहाय्याने २००४ साली तेथे स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली आणि कवंद परदेशातील प्रदर्शनांत पोहोचले. विक्रीसाठीही त्यांनी फुले सोडली नाहीत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील अलाबामा राज्याचे. तेथील कृष्णवर्णीय शेतमजूर स्त्रियांनी १९६६ साली ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था स्थापन केली. मतदानाचा हक्क मागितला म्हणून त्या भागातील कित्येक कुटुंबांना जमीनमालकांनी घराबाहेर काढले होते. संस्थेने जमीन विकत घेतली आणि तिच्यातील काही तुकडे अशा बेघर कुटुंबांना घरांसाठी दिले. गोधडीच्या पैशातून घर उभे राहिले, याहून मोठे यश कोणते? परंतु पुढे १९७२ साली एका मोठ्या व्यापारी पेढीकडून कॉर्डरॉय कापडाच्या उशांच्या खोळी शिवण्याचे काम आले. काम नियमित होते, पगार नियमित झाला. मात्र सर्व खोळी सारख्या हव्या होत्या. आपल्या मनाने कापड जोडण्याची जी कला त्यांच्याजवळ होती, तिला त्या कामात जागा नव्हती. ज्या गोधड्या त्याच परिसरातील स्त्रियांनी घरच्यासाठी, फाटक्या कामाच्या कपड्यांतून शिवल्या होत्या, त्या मात्र २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या. संस्था २०१२ साली बंद झाली. यातून ‘मोठे काम घेऊच नये’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. भुकेल्या घराला नियमित पगाराचे मोल इतरांनी सांगावयाचे नसते. मोठे काम घेताना वर्षातील काही दिवस आपल्या वाकळीसाठी राखून ठेवण्याची अट गटाला घालता आली पाहिजे, एवढे मात्र म्हणता येते.

अट घालणे गडचिरोलीला नवे नाही. याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे त्या ग्रामसभेने आपला बांबू स्वतः विकला. बांबूच्या काठीला भाव सांगू शकणाऱ्या जिल्ह्याला टाक्याला भाव सांगणे जड जाऊ नये. मेंढ्यात निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची प्रथा आहे. आवळ आणि सैल टाक्यांच्या स्त्रियांना तर ही प्रथा शिकवावीच लागणार नाही.

शिक्षकांसाठी एक सूचना. कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुले पुष्कळ झाली. गावातील एखाद्या आजीला शाळेत बोलवावे, मुलांनी आणि मुलींनीही घरून एकेक सुती तुकडा आणावा, आणि वर्गाची एक वाकळ शिवावी. क्षेत्रफळ, गुणाकार, वेळेचे गणित त्यातच येते. मुलांना सुई द्यावी की नाही असा संकोच काही पालकांना वाटेल. झाडीपट्टीत थंडीच्या रात्रभर नाटक पाहावयास निघालेला पुरुष काखेत पांघरूण मारतो, तेव्हा ते कोणी शिवले याचा विचार त्याच्या मनात क्वचितच येतो. लहानपणी बोटाला दोनदा सुई टोचलेली असेल तर तो येण्याचा संभव अधिक.

पंचायत सदस्यांनी करण्याजोगी कामे लहान आहेत. दुपारच्या बैठकीसाठी समाजमंदिराचा ओटा मोकळा ठेवावा, तेथे सावली आणि पिण्याचे पाणी असावे. सुती कापडाचे जुने तुकडे एकत्र करण्याची व्यवस्था करावी. गटाच्या वहीत जमा-खर्चाच्या रकान्यांशेजारी ‘तास’ हा आणखी एक रकाना आखावा, आणि तो शिवणारणीने स्वतः भरावा, अक्षरे येत नसतील तर रेघा ओढून.

मागणी नोंदविणाऱ्यांनी मुदत ठरविताना जंगलाचे पंचांगही पाहावे. आषाढ-श्रावणात हात चिखलात असतात. थंडीचे दोन-तीन महिने हा खरा शिवणाचा हंगाम होय. फाल्गुन सरता सरता मोहाची फुले गळू लागतात, पहाटेच टोपली घेऊन रानात जावे लागते, आणि त्यामागोमाग वैशाखात तेंदूपानांचे दिवस येतात. त्या काळात अर्धी शिवलेली वाकळ सुईसकट गुंडाळून फळीवर ठेवली जाते, आणि पुढच्या थंडीत दुमडलेल्या सुरकुत्या हाताने सारीत, जेथे टाका थांबला होता तेथूनच पुन्हा सुरू केली जाते.