“ताई, माप घेऊ का?”

मी दिघीहून बोलतेय, इथल्या बचत गटांचं काम बघते. आजचा विषय ब्रा. घरात कुणी आहे म्हणून रेडिओ बारीक करू नका, कपड्यांविषयीच बोलायचं आहे.

कॉलेजात असताना मी पहिल्यांदा एकटी ब्रा घ्यायला गेले. दुकानात चार गिऱ्हाईकं, काउंटरवर पुरुष. त्यानं मोठ्यानं विचारलं, “साइज?” मला कुठे ठाऊक! बहिणीची 34 होती, म्हणून 34 म्हटलं आणि पिशवी ओढणीखाली घेऊन पळाले. पुढची दहा वर्षं 34च. खांद्यांवर वळ पडायचे. वाटायचं, ब्रा म्हटली की काचणारच.

मग एकदा नणंदेबरोबर मुंबईत दुकानात गेले. तिथल्या बाईनं पडद्याआड नेलं, “ताई, माप घेऊ का?” विचारलं आणि मगच टेप काढली. छातीच्या खालून घेर भरला 32, छातीवरून 35. खालचा घेर हा नंबर, आणि फरकावर कप: एक इंच ए, दोन बी, तीन सी. म्हणजे माझी 32 सी. कंपनीप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, म्हणून तिनं घालून बघायला लावलं. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे. इलॅस्टिक सैल झालं की आतले हूक आहेतच. भार पेलायचा तो खालच्या पट्ट्यानं. माझा पट्टा सैल, म्हणून मी खांद्यावरचे बंद आवळायचे, म्हणून ते वळ!

आमच्या गटातली एक ताई घरी गाऊन, परकर विकते. तिनं गटाचं कर्ज काढून ब्रा भरल्या, सगळ्या 34 आणि 36. निम्म्या तशाच पडून राहिल्या. मग आम्ही ठरवलं, आधी मापं, मग माल. आतल्या खोलीला पडदा लावला. मापांची वही कपाटात, कुलपात. एकीचं माप दुसरीच्या कानावर गेलं, तर तिसरी पायरी चढणार नाही. न वापरलेली ब्रा बसली नाही तर बदलून द्यायची, तोंड वाकडं न करता.

एका संध्याकाळी मासळी विकणारी एक मावशी दारात येऊन उभी राहिली. परकराचा भाव दोनदा विचारला, पण परकराला हात लावेना. ताईनं ओळखलं. काही न बोलता पडदा सारला, “मावशी, आत बसा, चहा टाकते,” म्हणाली. माप ब्लाउजवरूनच घेतलं. मावशीनं जन्मभर घरी शिवलेली बॉडी घातलेली. नवी घालून हात वर केले, खाली केले, पाटी उचलल्यासारखं करून बघितलं.

पुढच्या आठवड्यात मावशी सुनेला घेऊन आली. ताईसाठी चार बांगडेही आणले होते.