नोकरी हाती असताना

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वैद्याला व्यासपीठावर बोलावले की तो मधुमेहावर किंवा हृदयविकारावर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही नोकरी जाण्याविषयी बोलणार आहोत. हा विषय आमच्या व्यवसायाला वाटतो तितका परका नाही. छातीत धडधड, निद्रानाश, आम्लपित्त अशा तक्रारी घेऊन आलेला रुग्ण उठून जाता जाता सांगतो, "डॉक्टर, आमच्याकडे कपात चालू आहे." खरे दुखणे तिथे असते आणि ते सर्वांत शेवटी बाहेर पडते.

नोकरी जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड येथील बी. डी. डी. चाळींतल्या कितीतरी घरांत त्यानंतर गिरणीचा पगार पुन्हा आलाच नाही. त्या घरांतील मुलांनी शिकून रेल्वे, टपाल, बँक, आयुध कारखाना अशा ठिकाणी जागा मिळवल्या. नोकरी 'लागली' की निवृत्तीपर्यंत सुटायची नाही, हा त्या पिढीचा अनुभव होता आणि तोच विश्वास शिदोरीसारखा बांधून आपण अमेरिकेत आलो. येथील कायदा मात्र निराळा आहे. मोंटाना हे एक राज्य सोडले तर करार नसलेल्या नोकराला मालक कोणत्याही दिवशी कारण न देता काढू शकतो. वंश, धर्म, लिंग, वय अशा कारणांवरून काढता येत नाही, एवढेच बंधन. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'मेटा'ने अकरा हजार आणि जानेवारी २०२३ मध्ये 'गूगल'ने बारा हजार जागा कमी केल्या. त्यांत उत्तम काम करणारी माणसेही होती. तेव्हा काढले गेलेल्या माणसाच्या लायकीचा विचार आपण घरात बोलतानासुद्धा करू नये.

बाबासाहेबांच्या चरित्रातील १९१७ हे वर्ष आपण जयंतीच्या भाषणांत घाईने ओलांडतो. लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना, पारशी वसतिगृहातून हुसकावले गेले आणि नोकरी सोडून मुंबईस परतावे लागले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा अर्थशास्त्रज्ञ तेव्हा बेकार होता. शेअर व्यवहारांत सल्ला देण्याचा व्यवसाय त्यांनी काढला. जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा मिळाली. तिथला पगार हाती आला तेव्हाही ते परळच्या चाळीतील दोन खोल्यांतच राहिले आणि पैसा बाजूला टाकत गेले. ती बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. नोकरी हाती असताना त्यांनी नोकरीपलीकडची तयारी केली, हा भाग आपल्या कामाचा आहे.

आता येथील व्यवहार पाहू. सर्वांत मोठा धोका एच-वन-बी व्हिसावरील कुटुंबांना आहे. २०१७ पासून अमलात असलेल्या नियमानुसार नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त साठ दिवसांची मुदत मिळते. मुक्कामाची परवानगी त्याआधी संपत असेल तर तेवढेच दिवस. त्या अवधीत नव्या मालकाने अर्ज दाखल करायचा, स्वतः दुसऱ्या व्हिसासाठी अर्ज करायचा किंवा देश सोडायचा. साधारणपणे ही मोजणी कामाच्या शेवटच्या दिवसापासून होते. नोकरी सुटताना मिळणाऱ्या रकमेने ती मुदत वाढत नाही, आणि पुष्कळांची फसगत येथेच होते. मुलाची शाळा, घराचा भाडेकरार, गाडीचे हप्ते हे सारे साठ दिवसांत उरकत नाही. म्हणून व्हिसाची मंजुरीपत्रे, ग्रीन कार्डाच्या अर्जाची कागदपत्रे, पगाराच्या पावत्या, वार्षिक मूल्यमापनाचे अहवाल यांच्या प्रती आजच घरी आणून ठेवाव्यात. कंपनीचा संगणक बंद झाला की स्वतःचा कागदही परका होतो. मात्र कंपनीच्या मालकीची माहिती घरी आणू नये. त्यातून नवे संकट उभे राहते.

निरोपाच्या दिवशी समोर ठेवलेल्या कागदावर त्याच बैठकीत सही करू नये. चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्याकडून वयाच्या भेदभावाविषयीचा हक्क सोडून घ्यायचा असेल तर विचारासाठी २१ दिवस आणि सामूहिक कपातीत ४५ दिवस द्यावे लागतात, असा १९९० चा कायदा आहे. या सभागृहात चाळिशीच्या अलीकडचे किती आहेत, ते आम्हांला दिसतेच आहे.

पगाराइतकाच आरोग्य विमा महत्त्वाचा, कारण या देशात तो बहुधा नोकरीला बांधलेला असतो. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाकडील विमा 'कोब्रा' कायद्याखाली साधारण अठरा महिने चालू ठेवता येतो. पण मालकाचा वाटा आपल्यावर येतो आणि वर दोन टक्के, त्यामुळे हप्त्याचा आकडा पाहून माणूस हबकतो. तो घ्यायचा की नाही हे ठरवायला साठ दिवस असतात. सरकारी विमा बाजारातही विमा सुटल्यानंतर साठ दिवसांत नवी योजना घेता येते. हे माहीत नसल्याने काय होते, ते आम्ही पाहतो. रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड घ्यायच्या, इन्शुलिन पुरवून पुरवून वापरायचे, आणि घरात कोणाला सांगायचे नाही. आपल्या लोकांत मधुमेह आणि हृदयविकार लवकर येतात. असा काटकसरीचा प्रयोग करीत एखादा गृहस्थ अतिदक्षता विभागात पोहोचला, तर तिथले बिल वर्षभराच्या हप्त्यांना गिळून टाकते. कपातीची कुजबुज कानी आली की राहिलेल्या तपासण्या उरकाव्यात आणि शक्य असेल तिथे नव्वद दिवसांची औषधे भरून घ्यावीत.

पैशाविषयी भगवान बुद्धांनी कोलिय कुळातील दीघजाणू या गृहस्थाला जो उपदेश केला, तो अंगुत्तर निकायात आहे. उद्योगी राहणे, मिळवलेले राखणे, कल्याणमित्रांची संगत धरणे आणि मिळकतीच्या मानाने खर्च बेताचा ठेवणे, या चार गोष्टी त्यांनी संसारी माणसाला सांगितल्या. सिगालोवाद सुत्तात तर मिळकतीचा चौथा हिस्सा आपत्तीसाठी बाजूला ठेवायला सांगितले आहे. आपल्या घरांचा हिशेब कसा असतो? घराचे कर्ज दोघांच्या पगारावर, आणि दर महिन्याला गावी पैसे: पुतण्याची फी, भावाच्या घराचा स्लॅब, विहाराचे बांधकाम. हे देणे थांबवा, असे आम्ही म्हणणार नाही. आपणही कोणाच्या तरी घासातला घास खाऊनच शिकलो. पण निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत नवे वचन देऊ नये, आणि आईवडिलांना येथील नोकरीचे स्वरूप आधीच समजावून सांगावे. ४०१-के खात्याला हात लावणे हा शेवटचा उपाय समजावा. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत पैसे काढले तर कराशिवाय सहसा दहा टक्के दंडही पडतो.

यापेक्षा अवघड गोष्ट गप्प बसण्याची आहे. ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावाची कापड गिरणी बंद पडली, तेव्हा मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल यांनी तेथील बेकारांचा अभ्यास केला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना दिवसभर वेळ होता. तरी गावच्या ग्रंथालयातून जाणारी पुस्तके कमी झाली आणि पुरुषांची रस्त्याने चालण्याची गतीसुद्धा मंदावली. काम गेले की दिवसाचा आकार जातो. आपल्याकडे त्यात आणखी एका ओझ्याची भर पडते. घराण्यातला पहिला पदवीधर, परदेशी गेलेला पहिला मुलगा बेकार झाला, हे गावात कळता कामा नये, असे वाटते. बायकोलाही आठवड्यानंतर कळते. आमची विनंती आहे की ज्या दिवशी नोकरी जाईल त्याच रात्री घरात सांगावे, मुलांनाही त्यांना कळेल अशा भाषेत सांगावे. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. ९८८ या क्रमांकावर रात्रंदिवस कोणीतरी बोलायला असते. आणि बहिणींविषयी एक शब्द. पतीच्या व्हिसावर आलेल्या कित्येक भगिनींच्या पदव्या कपाटात पडून आहेत. त्यांना काम करण्याची परवानगी मिळू शकते का, परवाना परीक्षा देता येईल का, याची चौकशी पतीची नोकरी सुरळीत असतानाच व्हावी.

आता जे बोलणार आहोत ते काहींना खटकेल. नव्या जागेची बातमी जाहिरातीआधी ओळखीच्या माणसांत फिरते. इतरांची ओळख गणेशोत्सवात, सोसायटीच्या सत्यनारायणाला, जुन्या शाळेच्या गटात वाढते. आपल्यातील अनेकजण तिथे आडनाव सांभाळून वावरतात, घरातील बाबासाहेबांची तसबीर पाहुणे येताना आत नेतात. अशी भीती का वाटते, हे आम्ही जाणतो. १९१७ च्या गिऱ्हाइकांची गोष्ट जुनी झालेली नाही. पण त्यामुळे अडचणीच्या वेळी ना त्यांना सांगता येते, ना आपल्यांना. एकाच शहरात राहणाऱ्या दोन बौद्ध अभियंत्यांची ओळख दहा वर्षांनी याच संमेलनात झालेली आम्ही पाहिली आहे. कल्याणमित्र कोण, याचे उत्तर आपल्याला येथेच शोधावे लागेल.

भोजनाच्या दालनात प्रवेशद्वाराजवळ एक वही ठेवली आहे. आपले क्षेत्र, शहर आणि इतरांना कोणती मदत करू शकता, एवढेच तिच्यात लिहायचे आहे: मुलाखतीची तयारी, अर्ज तपासणे, एखाद्या कुटुंबाला दोन महिने खोली देणे, काहीही. नोकरी गेलेल्याने नाव लिहिण्याची सक्ती नाही. त्याने कार्यकारिणीतील कोणाही एकाला फोन करावा, नाव बाहेर जाणार नाही. पहिले पान आम्ही भरले आहे. विमा नसलेल्या काळात औषधांविषयी कोणाला काही विचारायचे असेल, तर आमचा क्रमांक तिथे आहे. रविवारी सकाळी आम्ही घरीच असतो.

जयभीम. नमो बुद्धाय.