हातच्या अक्षराचें सुख

दौत व बोरू हीं साधनें घरांतून केव्हांच गेलीं. आतां लेखणीहि त्याच वाटेस लागली आहे. निरोप भ्रमणध्वनीच्या कांचेवर अंगठ्यानें उमटतो, अर्ज संगणकावर भरला जातो, आणि कित्येकांच्या हातास सहीखेरीज लिहिण्याचा प्रसंग महिनोन्महिने येत नाहीं. सोय मोठी आहे खरी. परंतु तिच्यापायीं एक जुनें सुख हातचें जात आहे, त्याचा विचार करणें अगत्याचें आहे.

हें सुख महाराष्ट्रास फार पूर्वींपासून ठाऊक होतें. श्रीसमर्थांनीं दासबोधाच्या १९ व्या दशकांतील पहिला समास सबंध लेखनक्रियेवर खर्चिला आहे. अक्षराची गोलाई, ओळींमधील अंतर, पानाच्या कडेस सोडावयाची जागा, इतक्या बारीक गोष्टींत त्यांनीं लक्ष घातलें. ऐन तारुण्यांत काढलेलें फार बारीक अक्षर उतारवयांत निरुपयोगी ठरतें, हाहि इशारा तेथें आहे. ग्रंथाचें पहिलें व अखेरचें अक्षर एकसारखें दिसावें, ही त्यांची अपेक्षा. अशा अपेक्षेनें लिहिणाऱ्याचें मन आपोआप ठिकाणावर येतें. लेखनाचें पहिलें सुख तें हेंच.

दुसरें सुख ओळखीचें. छापील अक्षर सर्वांचें सारखें; हातचें अक्षर ज्याचें त्याचें. परगांवच्या लेकीचें पत्र आलें, तर पाकिटावरील पत्ता पाहूनच आई तिला ओळखते. घाई, आजार, आनंद हीं सारीं त्या वळणांत दिसतात.

परंतु केवळ सुखाचाच हा प्रश्न नव्हे. मोडी लिपीचें उदाहरण पाहावें. कारकून प्रथम कागदभर आडवी रेघ ओढी व मग लेखणी होतां होईल तों न उचलतां तिच्याखालीं अक्षरें जोडीत जाई. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून तिचें शिक्षण मागें पडलें. पुण्याच्या पुराभिलेखागारांत पेशवे दफ्तराचे मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. ते सराईतपणें वाचणारे थोडे. २०१४ सालीं युनिकोडमध्यें मोडीचा समावेश झाला व संगणकावर ती लिहिण्याची वाट मोकळी झाली, हें उत्तमच झालें. तथापि प्रत्येक कारकुनाची जोडणी निराळी. जो स्वतः मोडी गिरवितो, त्यास रेघ कोठून निघाली व कोठें वळली हें लवकर उमजतें. लिहिणारे हात थांबले, तसे वाचणारेहि विरळ झाले.

बालबोध अक्षरावर ती पाळी येऊं नये, यासाठीं फार कांहीं करावयास नको. संगणक अवश्य वापरावा. मात्र मुलांनीं रोज पानभर शुद्धलेखन करावें, आणि वडील माणसांनीं महिन्याकांठीं एक पत्र स्वहस्तें लिहून टपालांत टाकावें. त्यास वेळ लागतो अर्धा तास. पत्र मात्र घेणाराच्या पेटींत वर्षानुवर्षें राहतें.